पिटुकलीचं खातं

प्रिय ढब्बू,

आज सकाळी तुझा शेवटचा हप्ता जमा झाला. मी दुकानात रंगाचे डबे मोजून घेत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला आणि मोजणी चुकली. सव्वीस महिने, दर पाच तारखेला, एकदाही उशीर नाही. लहानपणी माझं पेन नेलंस तर टोपणसुद्धा परत न करणारा तू! मालकांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी आले.

ते हिशेबाचं सॉफ्टवेअर मी का घेतलं, आठवतंय ना? दुकानाचे हिशेब चोख ठेवणारी मी, पण घरी ज्यानं हात पसरला त्याला देऊन बसायची. मावशीला फ्रिजसाठी दिले, शेजारणीला फीसाठी, आणि आपला मामेभाऊ तर कशाला हवेत हेही सांगायचा नाही. भीड भिकेची बहीण, असं बाबा उगाच म्हणायचे नाहीत. मग तूच एका रविवारी बसून मला कॉम्प्युटरवर 'उसनवारी'चा गट करून दिलास. कुणी पाहिलं तर कुणाची लाज जायला नको, म्हणून मी खात्यांना टोपणनावं दिली. मावशी 'फ्रिज', मामेभाऊ 'टकलू'. तू हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होतास.

तुझ्या लेकीच्या ऑपरेशनसाठी पैसे दिले, तेव्हा त्या यादीत तुझं नाव घालायला माझा हात धजेना. तू आणि माझा देणेकरी? म्हणून मोबाइल नंबर तुझा, पण नाव तिचं लाडाचं घातलं, 'पिटुकली'. चार वर्षांची पोर, सुई टोचली तरी रडता रडता नर्सला थँक्यू म्हणायची. डॉक्टर म्हणाले होते, आठवड्यात घरी सोडू. मी तिच्यासाठी पिवळा फ्रॉकही आणून ठेवला होता. तो अजून माझ्या कपाटात आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही.

तिला जाऊन तिसरा दिवस होता. मी तुझ्या बायकोला दोन घोट तरी चहा घे म्हणून विनवत होते. तेवढ्यात तू आत आलास आणि मोबाइल माझ्यासमोर धरलास. 'पिटुकली. थकबाकी. कृपया त्वरित परतफेड करावी.' खाली माझं नाव. तू ओरडला असतास तर बरं झालं असतं रे. "ताई, निदान तिचं नाव तरी घालायचं नव्हतंस," एवढंच म्हणालास. मी म्हणाले, ते आपोआप जातं, मला माहीतच नव्हतं. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. हप्ते मात्र सुरू झाले. मी दोनदा पैसे परत पाठवले, तू दोन्ही वेळा पुन्हा पाठवलेस.

आपोआप नव्हतं गेलं, ढब्बू. टकलूनं दीड वर्ष टोलवाटोलवी केली, म्हणून मी वैतागले होते. एक तारखेला सगळ्यांना आठवण पाठवायची का, असं सॉफ्टवेअरनं विचारलं, आणि मी 'हो' म्हटलं. तेव्हा पिटुकली बरी होत होती. त्या यादीत तीही आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. चूक माझी, खोटंही मीच बोलले, आणि सव्वीस महिने ते गिळून बसले.

तुझा एकही पैसा मी खर्चलेला नाही, सगळे वेगळे ठेवलेत. पाच तारखेची मात्र वाट पाहायचे. पैसे आले की वाटायचं, तू धडधाकट आहेस, कामावर जातोयस. आज हप्ता लिहिला आणि बाकी शून्य झाली. लगेच प्रश्न आला, हे खातं यादीतून काढून टाकायचं का? दुपारपासून मी त्या प्रश्नासमोर बसले आहे. 'हो' म्हणून एकदा काय झालं ते मला ठाऊक आहे. 'नाही' म्हटलं तरी पुढच्या पाच तारखेला तुझ्याकडून काही यायचं नाही, म्हणून हे पत्र. तू ये, ढब्बू. मला माफ करू नकोस हवं तर, पण ये आणि माझ्याकडून काहीतरी उसनं घेऊन जा. पेन ने. आणि परत करू नकोस.

तुझीच, वाट पाहणारी,
ताई