माझी स्किन कॉम्बिनेशन आहे

३ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. गेल्या वर्षीची पाच जानेवारीलाच बंद पडली, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आता घडणार आहे. मालक चष्म्यांच्या दुकानाची दुसरी शाखा काढतायत. तिच्यावर मोठा बोर्ड लागणार आणि बोर्डावर शाखाप्रमुखाचा हसरा फोटो. प्रमुख कोण हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही. पण काउंटरवर अठ्ठावीस वर्षं काढलेला दुकानात एकच माणूस आहे, आणि तो ही वही लिहितोय. फोटोग्राफर २८ तारखेला येणार.

आरशात नीट पाहिलं. एकंदरीत उत्तम. चेहरा थोडा थकलेला आहे, फेशियलने जाईल. नाकाच्या डाव्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याखाली चष्म्याचं पॅड टेकतं तिथे ती छोटी जखम आहे. खपली धरते, पडते, पुन्हा धरते. पॅडचा दोष. आमच्या धंद्यात हे चालायचंच.

४ मार्च
बायकोला फेशियलचा बेत सांगितला. ती म्हणाली, फेशियल राहू दे, आधी डॉक्टरांना नाक दाखव. मी म्हटलं, पॅडने झालेल्या जखमा मी तुझ्यापेक्षा हजारपट जास्त पाहिल्यात. ती म्हणाली, पाहिल्यास ना, मग त्यातली एखादी एवढी टिकलेली आठवते का.
तिला वाद घालायची सवय आहे. मी पॅड बदलून टाकलं. आता सिलिकॉनचं आहे. प्रश्न मिटला.

६ मार्च, रविवार
शास्त्रशुद्ध सुरुवात. त्वचेचा प्रकार कळल्याशिवाय फेशियल निवडायचं नसतं, हे बहुतेकांना माहीतच नसतं. लोक जातात आणि जे पुढ्यात येईल ते तोंडाला फासून घेतात. मी तसा नाही. गोल चेहऱ्याला चौकोनी फ्रेम द्यायची हे मी झोपेतही सांगेन.
पद्धत अशी: तोंड धुवायचं, तासभर काही लावायचं नाही, मग टिश्यू पेपर दाबून बघायचा. निकाल: कपाळ तेलकट. गाल कोरडे. हनुवटी मध्यम. नाकाची डावी बाजू लाल. टिश्यूवर ठिपका उमटला. इंटरनेटवरच्या तक्त्यात हा प्रकार दिलेला नाही.
निष्कर्ष: कॉम्बिनेशन स्किन, थोडी सेन्सिटिव्ह. बायकोने टिश्यू पाहिला आणि केरात टाकला.

९ मार्च
दुपारी जेवणाच्या सुट्टीत पार्लर. बाई चाळिशीच्या, वीस वर्षं हेच करतात म्हणे. आधी फॉर्म भरून घेतला. ॲलर्जी? नाही. औषधं? नाही. चेहऱ्यावर भरून न येणारी जखम? इथे मी प्रामाणिकपणे विचार केला. माझी जखम भरून येते. दर आठवड्याला येते. ‘नाही’वर टिक केली.

बाईंनी खुर्ची मागे केली, भिंगाचा दिवा चेहऱ्यावर ओढला. गालापर्यंत खूश होत्या. मग दिवा एके ठिकाणी थांबला. खूप वेळ थांबला. मग त्यांनी तो बंद केला आणि हातमोजे काढले. म्हणाल्या, मी याला हात लावणार नाही, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, निदान क्लीन-अप तरी करा. म्हणाल्या, वाफसुद्धा देणार नाही. मी चष्म्याच्या पॅडचं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चिठ्ठीवर एका डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. पुढच्या बाईला आत बोलावताना माझ्याकडे असं काही पाहिलं की मला त्यांचा राग आला.
बाईंना पुरुषांच्या त्वचेचा अनुभव नसावा. चिठ्ठी पाकिटात ठेवली. त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

१२ मार्च
अभ्यास चालू. फ्रूट फेशियल: तरुण मुलींसाठी. गोल्ड फेशियल: लग्नाच्या आधी, म्हणजे मला उशीर झाला. हायड्रा: मशीनने घाण ओढून आत पाणी सोडतात, कॉम्बिनेशन स्किनला उत्तम. पील: वरचा थर काढून टाकतात, खालून नवा चेहरा येतो. सेन्सिटिव्हला वर्ज्य. निर्णय: हायड्रा.

आज दुकानात एका बाईंना फ्रेम दाखवत होतो. त्या फ्रेमकडे न बघता माझ्या नाकाकडेच बघत होत्या. शेवटी बोलबच्चनकडून घेतली. बोलबच्चन म्हणजे आमचा दुसरा सेल्समन, बत्तीस वर्षांचा. त्याला फ्रेममधलं ओ की ठो कळत नाही, दात मात्र छान आहेत. बाई लाजल्या असाव्यात.

१४ मार्च, संध्याकाळी ६
हायड्रा झालं! मोठं सेंटर, गार एसी, पांढऱ्या कोटातली मुलगी. या वेळी चूक केली नाही, जखमेवर आधीच त्वचेच्या रंगाची पट्टी लावली आणि दाढी करताना कापलं म्हणून सांगितलं. दाढी कोणी डोळ्याखाली करत नाही हे तिच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल, बोलली नाही. मशीन पट्टीला वळसा घालून फिरवली.
घरी येईपर्यंत पट्टी भिजली होती. बाकीचा चेहरा मात्र लख्ख.

१७ मार्च
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. मी बाहेर येताना हसत होतो. उद्यापासून मी मागच्या खोलीत, काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याच्या कामावर. ते म्हणाले, ते बरं होईपर्यंत. ‘ते’ म्हणताना त्यांनी स्वतःच्या नाकाला हात लावला.
ज्याच्या हाती शाखा द्यायची त्याला तांत्रिक बाजू यायलाच हवी. मालक दूरचा विचार करतात.
बायकोला सांगितलं. वाटलं, आता ही भांडेल. ती भांडली नाही. कपड्यांच्या घड्या घालत बसली. घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होती. मला भांडण परवडलं असतं.

१९ मार्च
मागच्या खोलीत खिडकी नाही. एकाग्रता चांगली होते.
संकल्प: १) बिनपॅडची प्लास्टिक फ्रेम वापरणे. २) जखमेला हात न लावणे. ३) दिवसातून दोनदाच आरसा.
पहिला पाळला. दुसरा अकरा वाजेपर्यंत. तिसरा इथे लागूच नाही, मागच्या खोलीत आरसा नाही. पण मशीनच्या झाकणात दिसतं.

२१ मार्च
गेले दोन दिवस काम करताना नवा चष्माही काढून ठेवला, नाकाला विश्रांती म्हणून. आज एक म्हातारे गृहस्थ डोकं धरून आले. मी त्यांची उजवी काच डाव्या बाजूला बसवली होती. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. बोलबच्चनने माझ्या वतीने माफी मागितली, तीही गोड बोलून. मी दाराआड उभा राहून ऐकली.
पॅड जाऊन तीन दिवस झाले तरी जखम तशीच. प्लास्टिकचीसुद्धा ॲलर्जी असू शकते.

२२ मार्च
आता धीर धरण्यात अर्थ नाही. सहा दिवस उरले. पील करून टाकलं. एका सलूनच्या वरच्या मजल्यावर एक माणूस करतो. फॉर्म नाही, भिंग नाही, एकही प्रश्न नाही. याला म्हणतात आत्मविश्वास. मी पट्टी स्वतःच काढली आणि म्हटलं, इथे जरा जास्त लावा.

आग झाली. ती होतेच म्हणे. मग काहीतरी कोमट ओघळून ओठावर आलं. त्या माणसाने टॉवेल दाबला. मग दुसरा. मग त्याचा आत्मविश्वास गेला. तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता, मलाच त्याला पाणी द्यावं लागलं. अर्ध्या तासाने रक्त थांबलं. मागच्या जिन्याने उतरा म्हणाला, समोर गिऱ्हाइकं बसली होती.

२३ मार्च
खपली काळी, अंगठ्याच्या नखाएवढी. कडा उचललेली आणि चकचकीत. म्हणजे ग्लो आला आहे, जरा चुकीच्या जागी.
डोळ्याचा कोपरा ओढल्यासारखा वाटतो. सुट्टी टाकली. मालक फोनवर लगेच हो म्हणाले. फारच लगेच.

२५ मार्च, सकाळी ९
बायकोने माझ्या पाकिटातली चिठ्ठी काढून डॉक्टरांना फोन लावला होता. मला न विचारता. उद्या अकराची वेळ घेतलेली. मी म्हटलं, अठ्ठावीस तारीख जाऊ दे, फोटो झाला की त्याच दिवशी जाऊ. ती म्हणाली, तू नको येऊस, मी एकटी जाईन आणि त्यांना सांगेन की एक माणूस आहे, त्याचं नाक रोज थोडं थोडं जातंय आणि तो मला वेडी ठरवतोय. हे बोलताना ती दारात उभी होती, चपला घालून, ऑफिसला निघालेली. मग तिथेच खाली बसली आणि रडायला लागली.
मला रडणारी माणसं सहन होत नाहीत. हो म्हटलं. केवळ तिच्या समाधानासाठी.

२६ मार्च
डॉक्टरांनी अर्धं मिनिट पाहिलं. वीस वर्षं पार्लर चालवणाऱ्या बाईंनी तरी जास्त वेळ पाहिलं होतं. भूल देऊन कडेचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. मी त्यांना माझी स्किन कॉम्बिनेशन असल्याचं सांगितलं, निदानाला मदत व्हावी म्हणून. ते म्हणाले, आत्ता त्याने काही फरक पडत नाही.
पॅडचंही सांगितलं. त्यावर ते म्हणाले, चष्मेवाले सगळे हेच सांगतात. सगळे म्हणजे किती जण, हे विचारायचं राहून गेलं.

२८ मार्च
नाकावर पांढरी पट्टी. तरी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. फोटोग्राफर पट्टी पुसून टाकू शकतात, हल्ली सगळं कॉम्प्युटरवर होतं.
मला कोणी बोलावलं नाही. मागच्या खोलीत काच घासत बसलो. बाहेरून फोटोग्राफरचा आवाज येत होता, थोडं डावीकडे, हसा, अजून हसा. मध्येच बोलबच्चनचं हसू ऐकू आलं. नंतर मालक आत आले. खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मी मशीन बंद केली नाही, म्हणून त्यांना बोलता आलं नसेल.

४ एप्रिल, दुपारी ३
रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. त्वचेचाच. डॉक्टरांनी कागदावर नाक काढून दाखवलं. हा प्रकार सहसा शरीरात पसरत नाही म्हणे, पण असेल तिथे खात जातो, खाली आणि बाजूला. माझा डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचला आहे. नाकाची डावी बाजू काढावी लागेल, कपाळाची कातडी वळवून तिथे बसवतील. डोळ्याचं आत्ताच काही सांगता येत नाही, ऑपरेशनमध्ये जखम उघडल्यावर कळेल. पुटकुळीएवढा असताना आला असतात तर दहा मिनिटांचं काम होतं, हेही म्हणाले. रागावून नाही, नुसतं माहिती म्हणून.

मग त्यांनी विचारलं, हे सुरू कधी झालं. मी म्हटलं, दोनेक महिने. बायको शेजारच्या खुर्चीत होती. खाली बघून म्हणाली, येत्या जूनमध्ये दोन वर्षं होतील. डॉक्टरांनी तिचं उत्तर लिहून घेतलं. बाहेर आल्यावर तिने पाण्याची बाटली घेतली, झाकण उघडून माझ्या हातात दिली.

घरी आल्यापासून विचार करतोय, दोन महिने असं मी का सांगितलं. तिथे बोर्ड नव्हता, मालक नव्हते, कोणापुढे छान दिसायचं नव्हतं. समोर बरं करणारा माणूस बसला होता आणि मी त्यालाही थाप मारली.

ऑपरेशन मंगळवारी. मला भीती वाटते आहे. खरं लिहायचं तर दोन वर्षं वाटते आहे.