अक्काचा रुमाल

इंदूर, रविवार संध्याकाळ

जिंकलो! थोरल्या अक्काला आणि माझ्या मेहुण्याला, विनायकला, एकाच सिनेमाला नेलं. मध्यस्थ या नात्याने मधल्या खुर्चीत मी.

माझ्या मुलाच्या लग्नात विनायकची स्वरचित मंगलाष्टकं संपेनात, तेव्हा अक्काने रुमाल हलवून बँड सुरू करवला होता. तेव्हापासून अबोला. आता माझ्या केतकीचं लग्न तोंडावर. मामाने भाचीला मांडवात आणायचं, तर मामा म्हणे येणारच नाही!

सिनेमाही नेमका लग्नघरातल्या भांडणांचा. पडद्यावरचा मामा गातच सुटला, नवरदेव जांभया देऊ लागला. अक्काने रुमाल काढला. संपलं, म्हटलं. पण ती हसून हसून डोळे पुसत होती.

विनायक माझ्यावरून वाकून म्हणाला, "अक्का, ये तो अपनी ही स्टोरी है!"

"तुम्ही याहून बेसूर गाता, विनायकराव. केतकीच्या लग्नात म्हणाल ना?"

"आणि बँड?"

अक्काने तो ओला रुमाल त्याच्या हातात ठेवला. "लग्न लागेपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या."

शस्त्रसंन्यास म्हणतात तो हाच! पण मी इतकं खूश व्हावं का? आता अख्खी मंगलाष्टकं ऐकणं आलं.

ऐकू की!