मोठी होत जाणारी अक्षरं

सोमवार, २ फेब्रुवारी २००४
टोकावड्याला पोचले. देवराम सरांचा कॉम्प्युटर क्लास रस्त्यालाच आहे, खताच्या दुकानावर. खालून माळशेजकडे ट्रक गेला की टेबलं थरथरतात. मशीन तीनच, पण शिकवणारी मी एकटी, म्हणजे राज्य माझंच. खोली मागच्या आळीत, गिरजाबाईंकडे. त्यांनी आल्याआल्या नाचणीची भाकरी आणि सुकट पुढे ठेवली. शहापूरला आईला फोन केला, तुझी मेघा मजेत आहे म्हणून कळवलं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
खिडकीजवळच्या मशीनवर लिनक्स आहे. मी आजवर विंडोजच वापरलं. पडदा ६४० बाय ४८० वर, म्हणून सगळं अवाढव्य, खिडक्यांची खालची बटणं पडद्याबाहेर. पुस्तक उघडून बसले. सेटिंगच्या फाइलमध्ये मॉनिटरच्या पाठीवरचे आकडे घातले, तर पडदा काळाठिक्कर. एक आकडा चुकला होता, मॉनिटरला झेपणारा नव्हता. सुधारला. दुपारी १०२४ बाय ७६८ लागलं. अक्षरं कशी बारीक, रेखीव. क्लासला येणारी बारावीतली भूमिका बघत होती, ती टाळ्याच वाजवायला लागली.

गुरुवार, ५ फेब्रुवारी
काल सकाळी पडदा पुन्हा ६४० वर. फाइलमधले माझे आकडे गायब. पुन्हा घातले. आज पुन्हा तेच. क्लासची किल्ली फक्त माझ्याकडे असते. देवराम सर म्हणाले, नवीन आहेस, सेव्ह करायचं राहिलं असेल. मला मूर्ख समजतात. सेव्ह केलं होतं मी, भूमिकेच्या समोर.

शनिवार, ७ फेब्रुवारी
अक्षरं आता ६४० पेक्षाही मोठी. एका ओळीत जेमतेम चार शब्द. असं सेटिंग त्या फाइलमध्ये नाहीच. काचेवर मधोमध ओलसर ठसा होता, कपाळ टेकल्यासारखा. फडक्याने पुसला, गेला नाही. नख लावून पाहिलं. ठसा आतून आहे.
माझेही डोळे चुरचुरतात. फळ्यावरचं माझंच अक्षर मला लागेना.

सोमवार, ९ फेब्रुवारी
गिरजाबाईंना खोदून विचारलं. आधी नाय नाय करत होत्या. मग म्हणाल्या, तुझ्या आधी शालन होती, धसईची. खिडकीजवळच्या मशीनवर बसायची. डोळे जात चालले होते तिचे. अक्षरं मोठी करायची, काचेला कपाळ लावून वाचायची. मुरबाडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला सुट्टी मागितली, तर सर म्हणाले, आधी काम संपव. एका दुपारी क्लासमधून उतरली आणि सरळ ट्रकखाली गेली. ट्रक दिसलाच नाय गो तिला.
आणि मला हा माणूस विचारतो, सेव्ह केलंस का.

मंगळवार, १० फेब्रुवारी
सरांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, ती मुलगी बेफिकीर होती. बेफिकीर! म्हटलं, ते मशीन बंद करा. ते म्हणाले, परीक्षेचे फॉर्म त्याच्यावरच भरायचेत.
आज पडद्यावर एकच अक्षर मावत होतं. मी बघत असताना ते आणखी वाढलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी
मुरबाडला डॉक्टरकडे गेले. ते म्हणाले, डोळे निरोगी आहेत. मला त्यांचा चेहरा धूसर दिसत होता. निघताना भूमिकेला बजावलं होतं, त्या मशीनला हात लावायचा नाही.
परत आले तर ती तिथेच बसलेली. सकाळपासून. सरांनी बसवलं. नाक काचेला चिकटलेलं. सरांना नाही नाही ते बोलले. रस्त्यावर माणसं जमली. बोलू दे त्यांना काय बोलायचंय ते. भूमिकेला ओढून तिच्या घरी नेलं, तिच्या आईच्या हवाली केलं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी
सकाळी वायर उपटली. पडदा उजळच आहे.
हातोडी आणलीय. काच फुटत नाही. ठसे दोन आहेत आता, शेजारी शेजारी. दुसरा लहान —
सर फोन उचलत नाहीत. उचलू नका. मी येते तिकडेच, तुमच्या दारात —
जिन्यात कुणीतरी. भिंतीवरून तळहात घासत. दारातून ऊन आत आलंय, लख्ख.
भूमिका आहे. धूसर, पण ओळखते मी तिला. उंबऱ्यात थांबली. डोळे सताड उघडे. विचारतेय, बाई, कुठं हाव तुमी? दिवे का घालवले?
मी तिच्या समोरच उभी आहे, हातभर अंतरावर, आणि ती माझ्या बाजूने सरळ मशीनकडे चाललीय, कपाळ पुढे काढून —