गरम गुंडाळलेला रोल

२ ऑगस्ट, जळगाव
देवपूरचं कॉलेज अर्ध्यात सोडून पाच महिने झाले. आता एमआयडीसीत, केळीच्या घडाला घालतात त्या पिशव्यांच्या प्लॅस्टिकवर. मशिनमधून वितळलेल्या प्लॅस्टिकचा फुगा वर चढतो, गार हवेवर थिजतो, चपटा होऊन रोलवर येतो. दिवसभर मान वर. बरंच आहे. खाली बघितलं की मोबाईल, आणि त्यात कॉलेजातल्या सुजाताचा फोटो.

९ ऑगस्ट
तिचा मेसेज. "साखरपुडा ठरला. फोन करू नकोस."
डोकं फिरलं. मशिनचा वेग वाढवला, गार हवा तेवढीच ठेवली. फुगा गार व्हायच्या आत गुंडाळत गेलो. सुपरवायझर आबांनी एकमेकांना चिकटलेला थर सोलून नख ओढलं. पांढरा ओरखडा.
"तुनं ध्यान कोठे शे? बठ्ठा रोल चिकटना. वारामा पान घासावर अशी पिशवी टिकस का? भंगारमा टाक."
"तुम्हीच टाका," म्हटलं. ते जेवायला गेले नि मी तो रोल पिशव्या कापायला, कटिंगला सरकवला. वर माझ्या नावाची चिठ्ठी, रोजच्यासारखी.

३० सप्टें.
दीड महिना वही उघडली नाही. काय लिहायचं.
आज तिचाच मेसेज. "नानांच्या बागेतल्या पिशव्या घासून फाटल्या. केळीवर काळे डाग. व्यापारी घडाला हात लावत नाही. गठ्ठ्यात तुझ्या नावाची चिठ्ठी आहे. मुद्दाम केलंस?"
नाना, तिचे वडील. सावद्याला एकदाच गेलो होतो, तर स्वतः वाढलं. भरीत, कळण्याची भाकरी. "लाजू नको, भाऊ."
'नाही' टाइप केलं. पाठवलं नाही. त्यांच्याकडे जाईल हे माहीत नव्हतं. कुणाकडे तरी जाईल हे तर...

१ ऑक्टो.
आबांना सगळं सांगितलं. ओरडले नाहीत, तेच लागलं. चांगल्या पिशव्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. "ली जा."

४ ऑक्टो., सावदा
सुजाता ओट्यावर होती. मला बघून आत गेली.
नाना शिडीवर, मी खालून नव्या पिशव्या देतोय. जुनी उतरवली की डाग. पुसून बघितले. जात नाहीत.
पाच-सहा घड झाल्यावर नाना म्हणाले, "मुद्दाम?"
"रागात."
"कोणावर?"
मी पुढची पिशवी वर धरली. ते घेईनात. हात भरून येईतो तशीच धरून होतो. मग घेतली.
अर्धी बाग राहिलीय. उद्या ये म्हणालेत.