तिसरा टोल

प्रिय अंकुश,

तू आईशी फोनवर बोलतोस तेव्हा मी बाजूलाच बसलेला असतो. माझं नाव निघालं की तुझी रेंज जाते, म्हणून हे पत्र.

आपल्या शाळेला लागून असलेल्या चर्चच्या दगडी भिंतींची डागडुजी चालू आहे. मधल्या काळात कुणी भरलेलं सिमेंट खरवडून पुन्हा चुना भरतात. तुझ्या आठवीच्या वर्गाच्या खिडकीपर्यंत परांची बांधली आहे, पोरांचं लक्ष फळ्याकडे कमी, गवंड्यांकडे जास्त. मी सकाळी मारुतीला हात जोडून निघतो आणि चर्चच्या दारात चपला काढतो. फादर अजून हसतात. शाळेच्या कडुलिंबाला घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा मात्र तोच आहे. दहाला तीन टोल, तिसऱ्याला फाटक बंद. एकोणीस वर्षं तो हातोडा माझ्याकडे आहे.

मंगळवारी दोन टोल दिले आणि पाचवीतली सोनिका कोपऱ्यावरून धावत येताना दिसली, एक बूट हातात. माझा हात वरच राहिला. फाटक लावायला उभा असलेला धोंडबा ओरडला, "काहून गा रुपराव, हात आखडला का तुया?" ती आत शिरली, मग तिसरा टोल दिला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तुझी शिष्यवृत्तीची परीक्षा आठवत राहिली. नंदनवन भागातून येताना तुझ्या सायकलची चेन उतरली आणि तुला उशीर झाला होता. चर्च झाडणाऱ्या कामिनीच्या पोरीला आदल्याच वर्षी मी याच परीक्षेला फाटकातून परत पाठवलं होतं. तुझ्या परीक्षेच्या सकाळी कामिनी झाडू धरून पायरीवर उभी होती, माझ्या हाताकडे बघत. संध्याकाळी घरी मी तुला म्हणालो, तू मला दिसलाच नाहीस. तू एवढंच विचारलंस, "ऐकूबी नाही आलं?" मी नाही म्हणून मान हलवली.

अंकुश, तू दिसला होतास. पोरं चिडवतील म्हणून शाळेत तू मला कधी बाबा म्हटलं नाहीस. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांसमोर ओरडलास, "बाबा, थांबा ना!" मी ते ऐकलं आणि तिसरा टोल दिला; फाटक बंद झालं, तुझी परीक्षा हुकली. तो टोल बरोबर होता याबद्दल मंगळवारपर्यंत मला शंका नव्हती, आता आहे. पण खोटं बोललो ते चुकलं, हे पहिल्या रात्रीपासून माहीत होतं. अकरा वर्षं मारुतीपुढे आणि चर्चच्या पायरीवर माफी मागत आलो. त्यांचं मी काही बिघडवलं नव्हतं. मागायची होती ती तुझ्याकडे. मागतो.

आईला फोन करशील तेव्हा मी बाजूलाच असेन.

तुझाच,
बाबा