चटईवर बसायला

लिकांडोचे बाबा,

सुकट पातेल्यात आहे, मक्याच्या पिठाची न्शिमा तेवढी घोटून घ्या. लिकांडोच्या गणवेशाचं बटण लावलंय. उद्या समुपदेशनाच्या ऑनलाइन तासाला मी नसेन, आमच्या बाईंना कळवा, मी मोंगूला आईकडे गेलेय.

धाकटी नोसिकू जेवत नाही, असा आईचा फोन आला. तिचं बाळ जाऊन महिनाच झालाय. घरच्यांचं समुपदेशन करायचं नाही, हा आमच्या पदव्युत्तर पदविकेचा नियम मीच तिला ऐकवला होता. "मग ताई म्हणून बस की," म्हणाली. मी तिला परक्या समुपदेशक बाईंचा नंबर दिला.

दुःखातल्या बाईशेजारी चटईवर गप्प बसायचं असतं. एवढं मला शिकण्याआधी येत होतं. तेच करायला चाललेय.

त्या दिवशी ती आपल्याकडे आली तेव्हा माझा तास चालू होता. तासभर ती बाहेर पायरीवर बसून होती.