विहीणबाईंची फरशी आणि माझी खोली

४ जुलै
लिही गं नातीबाई, मी सांगते तसं — मी अजून खालीच आहे! तळमजल्यावर, माझ्या खोलीत, खिडकीशी. मोठ्या पावसात दरवर्षी रस्त्याचं पाणी इथे शिरतं. लेकाने काल बजावलं, ‘आई, यंदा पाणी आलं तर तुझं बिऱ्हाड वर.’ वरून काय दिसतं? माणसांची टकली. आणि या गुडघ्यांनी एकदा जिना चढले की संपलंच.
सूनबाई नगरपालिकेत पावसाच्या पाण्याचंच काम बघते. म्हणाली, पाण्याला हाकलायचं नाही, मुरायला जागा द्यायची. लगेच अंगणातलं काँक्रीट फोडायला घेतलं.

९ जुलै
वाटेवर पाणी झिरपणाऱ्या विटा. बाजूला परातीसारखा खोलगट वाफा — खाली खडी, वर रेताड माती, त्यात लव्हाळी. रस्त्याकडच्या बांधाला मुद्दाम खाच, पाणी आत यायला. म्हणजे चोराला दार उघडून ‘या, बसा’! मी काही बोलले नाही. (नात हसतेय. बरं, बोलले.)
शेजारी विहीणबाई राहतात, सूनबाईची सख्खी आई. त्यांच्या अंगणात फरशी, तोंड बघून घ्यावं अशी. म्हणाल्या, आमच्या पोरीने तुमचं अंगण उकरलं, मला मेलीला लाज वाटते. म्हटलं, लाजा, चेहऱ्याला रंग चढतो.

१४ जुलै
विहीणबाईंचे उपकार! बांध फुटलाय असं वाटून त्यांनी गवंड्याकडून आमची खाच बुजवून दिली. सूनबाईने स्वतः छिन्नी चालवून ती पुन्हा उघडली. मायलेकींचा अबोला.

२२ जुलै
दुपारभर कोसळला. रस्त्याचा ओढा झाला. पाणी खाचेतून आत वळलं, लव्हाळी गळ्यापर्यंत बुडाली. मी उंबऱ्याला डोळे लावून. पाणी पायरीपाशी आलं, घुटमळलं — आणि हळूहळू मातीने पिऊन टाकलं. खोली कोरडी! सूनबाई पायरीवर बसून मुळूमुळू रडली. मी पाठीवरून हात फिरवला, वर म्हटलं, पुरे, वाफा पुन्हा भरेल.
तेवढ्यात पलीकडून हाक. फरशीवरचं सगळं पाणी घसरत विहीणबाईंच्या घरात!

२३ जुलै
विहीणबाई माझ्या खोलीत मुक्कामाला. एका खाटेवर त्या, एकीवर मी, मधे त्यांचं घोरणं. सकाळी चहा घेता घेता लेकीला म्हणाल्या, ‘माझंही अंगण उकर, बाई.’ अबोला सुटला.

२८ जुलै
फरश्या उखडायला माणसं आली. काम झालं की विहीणबाई आपल्या घरी.
मी कुंपणाशी जाऊन त्या माणसांना हळूच सांगून आले — सावकाश होऊ द्या.